ढालीवरचे दोन सारस

मोना, आधीच हसू नको व! ऐक ना पूर्ण.

मले पितळेच्या ज्या दुकानात जायचं होतं ते बंद होतं, म्हणून मी शेजारच्या टिनाखाली उभी राहिली. बस, तिथूनच सगळं झालं. हिवाळ्यातला पाऊस, भंडाऱ्याचा अख्खा बाजार राखेसारखा दिसून राहिला होता, अन् आतून टक्‌… टक्‌… छिन्नीचा आवाज.

"मॅडम, भिजायचं असन तर बाहेरच राहा. नसन तर आत या."

भुपेंद्र. नाकावर पितळेचा भुगा, अन् तो चमकून राहिला होता!

मी मोबाईल समोर केला. आमची रीनाताई फ्रान्सच्या एका एवढ्याशा खेड्यात दिली आहे ना, तिथल्या पंचायतीले त्यांच्या गावचं चिन्ह पितळेत पाहिजे होतं. ढालीवर नदी, खाली गव्हाची पेंढी, मधात एक सारस. एका पायावर उभा, दुसऱ्या पायात दगड.

"दगड कायले? मारते का कोणाले?"

"राखण करते तो," मी रीनाताईचं ऐकलेलं सांगितलं. "बाकीचे झोपतात, हा एकटा जागा. डुलकी लागली का दगड पाण्यात पडते, अन् आवाजानं जाग येते. ते गाव म्हणते, आम्ही असे आहो."

तो चित्राकडे पाहातच राहिला. "एकटा? आमच्या सानगडीच्या तळ्यावर सारस जोडीनंच येतात. एकटा दिसला का माझी माय त्या दिवशी धानात उतरत नाही."

"तुमच्या मायले फ्रान्सले नाही पाठवायचं. एकच काढा!"

मग मी रोज जायची. काम पाहाले… बरं बाप्पा, त्याले पाहाले!

"इकडं पाहू नको, हात चुकते माझा."

"तुले कोण पाहून राहिलं? मी सारसाले पाहून राहिली."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, समजलंच नाही. पण हे काम जमलं तर तिकडची आजूबाजूची गावंही काम देतील, असं रीनाताई म्हणे. नाही जमलं तर त्याच्या बाबाच्या मागं कसंतरी चाललेलं ते दुकान बंद, अन् भुपेंद्र पुण्याच्या कंपनीत. माहीत दोघांलेही होतं.

एक दिवस त्यानं ढालीवरचं फडकं काढलं.

दोन सारस! एकाच्या पायात दगड. दुसरा त्याच्या अंगाशी, पंखात मान खुपसून झोपलेला.

"भुपेंद्र… हे काय केलं तू?"

"एकच काढत होतो. मायची शपथ." तो खाली पाहून राहिला होता. "पण तू समोर बसली होती, अन्… त्याले एकटा ठेववलं नाही, गुंजन."

कोणी असं सांगते का व? रागावू का रडू?

फोटो पाठवला. रीनाताईचा फोन आला. "किती सुंदर आहे व! पण हे लोक म्हणतात, हे आमचं नाही. आमचा एकटा असते, अर्थच तो आहे."

ठोकून उठवलेला पत्रा परत सपाट होत नाही. तिकडचा कार्यक्रम तोंडावर आला होता, नवी ढाल कराले वेळच नव्हता. काम गेलं.

तो पुण्याले निघाला त्या दिवशीही तसाच चिरचिर पाऊस. एसटी स्टँडवर धावता धावता माझी चप्पल तुटली. तो खिडकीत, डोळे लाल. ढाल त्यानं खिडकीतून माझ्या हातात दिली.

"राहू दे तुझ्याजवळ."

"यातला तू कोणता? दगडवाला का झोपलेला?"

तो हसला… थोडासाच. "आज तर झोपलेला. दुकान आवरता आवरता डोळ्याले डोळा नाही लागला व."

"मग झोप. मी आहो ना जागी."

बस हलली. त्यानं खिडकीच्या गजाले डोकं टेकवलं अन् खरंच डोळे मिटले. अन् मी तिथंच चिखलात, ढाल छातीशी धरून, तुटकी चप्पल हातात… बस वळणावर दिसेनाशी झाली तरी एका पायावर उभी.

आता हस ना, मोना.