पट्टीवरचं नाव

म्हाताऱ्या अब्राम फ्रीसेनने मरण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक वस्तूखाली कागदी चिकटपट्टी लावून आपल्या सुतारकामाच्या पेन्सिलीने वारसाचं नाव लिहून ठेवलं होतं. आमच्या इकडे, कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये, असं पुष्कळ जण करतात. मागे पोरांची भांडणं नकोत. अर्ध्या वस्तूंवर लेकीचं नाव, ‘व्हर्ना’. अर्ध्यांवर मुलाचं, ‘लॉर्न’. पण लॉर्नचं दिवाळं निघालेलं, आणि त्यातून मोकळं व्हायला तीन महिने उरले असताना बाप गेला. तोवर त्याच्या वाट्याला येईल ते देणेकऱ्यांचं, म्हणजे ‘लॉर्न’ लिहिलेलं सगळं आता लिलावात जाणार. त्याची यादी करायला दिवाळखोरीच्या कचेरीने मला पाठवलं. असल्या कामात रडारड फार, आणि मला तिचा मनापासून कंटाळा आहे.

लॉर्न रडला नाही.

“डोरीन, आईची पायपेटी तेवढी राहू दे ना. बाकी सगळं ने.”

“पट्टीवर तुझं नाव आहे रे बाबा. माझ्या हातात काही नाही.”

“दुसऱ्या कुणाचं असतं तर?”

“तर मी हातही लावला नसता.”

यादी संपवून, फोटो काढून मी घराला कचेरीचं कुलूप लावलं. सकाळी दोघा भावंडांसमोर ते उघडलं. आत गारठा होता, आणि ताज्या लाकडी भुशाचा वास. काल तो नव्हता.

पायपेटीखाली वाकून पाहिलं. पट्टीवर ‘अब्राम’. तेच जाड, तिरकं अक्षर.

माझं डोकंच फिरलं. “व्हर्ना, हा काय पोरखेळ?”

“मी केला असता तर माझं नाव नसतं का लिहिलं?” ती दारातूनच म्हणाली. आत यायला तयार होईना.

खरंच की. मेलेल्याचं नाव लिहून कुणाचं काय भलं होणार?

कालचा फोटो उघडून पाहिला. त्यातही ‘अब्राम’.

यादी उघडली. माझ्याच अक्षरात, ओळीने ‘अब्राम’.

मग मी घाईघाईने खुर्च्या उलथ्या केल्या, घड्याळ उतरवलं. व्हर्नाच्या एकाही वस्तूला धक्का नव्हता. बदलल्या होत्या फक्त लॉर्नच्या पट्ट्या. मला भीती वाटली, आणि ती लपवता येईना.

लॉर्न पायपेटीसमोर मान खाली घालून बसला होता.

“बाबांनी आपलं परत घेतलं,” तो हलकेच म्हणाला. “आता कुणी नेणार नाही.”

त्याच्या मानेवर, केसांखाली, कागदी पट्टी दिसली. त्यावर पेन्सिलीने ‘अब्राम’.

“हलू नको,” म्हणत मी ती सोलायला नख लावलं.

पट्टीला कडाच नव्हती.

“काय आहे गं?” लॉर्नने विचारलं.