आंधळ्या पाहुण्याचा हात

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे घडलंय. जपानात, नोतोत, आमच्याच गावात, फुसाएच्या घरी. नऊ फेब्रुवारीच्या संध्याकाळी.

तिनं मला सांगितलं तेव्हा ती घाबरलेली नव्हती. संतापलेली होती.

कापणी आटोपली की आमच्याकडे शेतदेवाला घरी आणतात. भाताच्या लोंब्या टोचून त्याचे डोळे गेलेले. म्हणून घरधन्यानं त्याचा हात धरायचा. "पायरी आहे, जपून," म्हणायचं. आंघोळीला ऊन पाणी काढायचं, पानात काय काय वाढलंय ते सांगायचं. हिवाळाभर तो बियाण्याच्या पोत्यांपाशी राहतो. फेब्रुवारीत त्याला पुन्हा शेतात पोचवायचं.

आणि फुसाएच्या नवऱ्यानं, मोरिहिकोनं, जानेवारीत शेतच विकून टाकलं!

पाहुणा घरात असताना!

घेणाऱ्यानं खडी ओतून गाड्या लावायला जागा केली.

"आता कुठं नेणार त्याला?" फुसाएनं विचारलं.

"तिथंच. आंधळाच तो, त्याला काय कळतंय?" मोरिहिको हसला.

"जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवा!"

तो ठेवणीतले कपडे घालून, न दिसणाऱ्या पाहुण्याचा हात धरल्यासारखा उजवा हात पुढे धरून निघाला. ती दारातून बघत राहिली.

"हं, आलं तुमचं शेत," तो मोठ्यानं म्हणाला आणि रिवाजाप्रमाणे कुदळ मारली.

ठण्ण!

शेतात कुदळ अशी वाजत नाही...

कावळे ओरडत होते, ते गप्प झाले. मोरिहिको घाईघाईनं परत फिरला. खडीवर पावलं वाजू लागली.

करकर... करकर...

तो थांबला.

करकर...

पावलं थांबली नाहीत.

मग मात्र तो पळत सुटला. घरात शिरला, दार सरकवून लावलं. चेहरा पांढराफटक.

आणि दारावर...

सर्र... सर्र...

कुणीतरी बाहेरून चौकट चाचपडत होतं.

"उघडू नकोस!"

"का? बर्फात उभं ठेवू आंधळ्याला?" फुसाएनं दार उघडलं.

बाहेर कुणीच नव्हतं.

"पायरी आहे, जपून," ती म्हणाली.

मोरिहिकोचा उजवा हात आपोआप वर आला. बोटं मिटली... कशाभोवती तरी.

"अगं, सोडव गं! गार आहे... सोडतच नाही!"

तिचा राग अजून उतरला नव्हता.

"हात धरून तुम्हीच आणलंत ना? मग तुम्हीच सोडवा. शेत परत आणा. तिथंच सुटेल."

घेणारा जमीन परत द्यायला तयार नाही. मोरिहिको रोज त्याच्या दारी जातो, रोज हात हलवत परत येतो. तोही डावाच. उजवा तसाच पुढे धरलेला असतो.

काल संध्याकाळी मी त्याला घरात शिरताना पाहिलं. पायरीवर चढून तो थांबला, मागे वळला, हळूच काहीतरी पुटपुटला.

आणि वाट बघत राहिला...

कुणीतरी चढून येईपर्यंत.