कंठातला बुद्ध

तात्सुए आजी बर्फाच्या घरांच्या उत्सवाला निघाली ती खरं तर संत्री पोचवायला. तिच्या लेकीनं, सानाएनं, पिशवी हातात कोंबली आणि बजावलं, "आई, जलदेवापुढे ठेव आणि अंधार पडायच्या आत घरी ये. किल्ल्याच्या मागच्या अंगाला जाऊ नकोस."

"का? किल्ला काय मला खातोय?"

सानाएनं पिशवीची गाठ पुन्हा आवळली. मागच्या हिवाळ्यात तिथेच डोंगरावरचा बर्फ घसरला आणि आजीच्या नवऱ्याला, इसाबुरो आजोबांना, घेऊन गेला. बर्फ वितळल्यावर गावानं पार नदीपर्यंत शोधलं, हाती काही लागलं नाही. गावात कुणी गेलं की दहनानंतर घरची माणसं काड्यांनी अस्थी उचलतात, एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत देतात, आणि सगळ्यात शेवटी कंठातलं हाड कलशात ठेवतात. ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखं दिसतं ते. म्हाताऱ्याचा कलश मात्र रिकामा. आजीचा जीव त्या कलशात अडकला होता. देवळातले भिक्षू म्हणत, मंत्र म्हणून तसाच पुरू. ती म्हणे, "रिकामं भांडं पुरायला मी काय खुळी आहे?"

किल्ल्याखाली बर्फाची घरं ओळीनं उभी होती. आत जलदेवाचं देवघर, दिवे, शेगडीवर तांदळाच्या वड्या, आणि दारातून पोरांचा गलका, "आत या ना आजी! देवाला नमस्कार करा!" आजी प्रत्येक घराला नावं ठेवत चालली होती. हे वाकडं, त्याचं पोट सुटलंय. जन्मभर नवरा हीच घरं कोरत आलेला, तेव्हा तिच्या पसंतीला काही उतरणं कठीणच.

ओळ संपली तरी संत्री पिशवीतच. तेवढ्यात भुरभुरत्या बर्फातून, किल्ल्याच्या मागच्या अंगाला, दगडी तटाच्या वळणापाशी, आणखी एक दिवा दिसला. तिथे पोरांचा आवाज नव्हता. नुसती निखाऱ्यांची तडतड आणि भाजक्या तांदळाचा वास. आजी वाकली, तरी कपाळ दाराला आपटलंच.

एवढं बुटकं दार गावात एकच माणूस कोरायचा. देवापुढे मान वाकलीच पाहिजे, म्हणायचा. आजीला हुंदका आला. पळावं असं तिच्या मनातही आलं नाही. बूट काढून ती आत सरकली.

पेंढ्याचं इरलं पांघरून कुणीतरी शेगडीशी बसलं होतं. तोंड अंधारात होतं.

"उशीर केलास..."

"वर्षभर घरी आला नाहीत तुम्ही, आणि उशीर माझा?"

तो हसला. हसता हसता खोकला, अगदी पूर्वीसारखा.

"थंडी वाजते का हो तिकडे?"

"आता नाही... तू बडबडायला नाहीस, तेवढंच सुनं वाटतं."

"मेल्यावरसुद्धा जीभ तशीच," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली.

त्यानं काड्यांनी शेगडीवरची वडी उचलून पुढे केली. तिनं बाजूच्या काड्या घेऊन ती वरच्या वर धरली. काड्यांना काड्या लागल्या आणि तिचा हात थिजला. काड्यांतून काड्यांत खाणं कुणी देत नाही, कुणी घेत नाही. लहान पोरालाही त्यासाठी चापट बसते.

"अहो... हे काय करताय?"

"नीट धर... पाडू नकोस." आवाज आता फार लांबून येत होता. "शेवटचंच आहे..."

दिवा विझला.

सानाए शोधत आली तेव्हा आजी तटापाशी उघड्यावर, बर्फात अनवाणी बसली होती. घर नाही, शेगडी नाही. "आई, वेडी झालीस का गं!" सानाएला रडू फुटलं. आजी मात्र मुठीतला रुमाल छातीशी धरून हसत होती.

सकाळी भिक्षूंनी रुमाल उघडला. पांढरंशुभ्र हाड, मांडी घालून बसलेलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं आणि चटकन खाली ठेवलं.

"तात्सुएबाई, हे जळून निघालंय... अजून गरम आहे. दहन कुठे झालं? कुणी केलं?"

"मला काय ठाऊक? आलेत ना घरी, बास," आजी म्हणाली, आणि कलश पुढे सरकवला.

कलश पुरला त्या दिवसापासून सगळं गाव बर्फाखाली गेलं तरी त्या थडग्यावर कणही ठरत नाही. आजी रोज जाते, नवऱ्याशी मनसोक्त भांडते आणि दगडावर हात शेकते. यंदा मात्र दगड इतका तापतो, की तिला हात लवकर काढून घ्यावे लागतात.