रत्ना नावाचा डोळा

दक्षिण ध्रुवावर, बर्फात दोन किलोमीटर खोल पुरलेल्या प्रत्येक डोळ्याला नाव होतं. खोदणाऱ्यांचीच ती रीत. गरम पाण्याच्या झोताने बर्फात भोक पाडायचं, तारेत ओवलेल्या या काचेच्या गोळ्यांवर घरच्या माणसांची नावं लिहायची आणि पाणी पुन्हा गोठायच्या आत ते खाली सोडायचे. एकदा गोठले की ते माणसाच्या हाती लागत नाहीत. एखादा डोळा कायमचा बंद करायचा झालाच, तर ज्याचं नाव त्यावर, त्याला विचारायचं. म्हणून जत तालुक्यातल्या रत्नाबाई बंडगर पुण्यातल्या संस्थेच्या थंडगार खोलीत बसल्या होत्या.

अख्खं घर बोअरवेलच्या धंद्यातलं. थोरला मुलगा सोपान बोअरच्या गाडीवरून उतरून थेट ध्रुवावर गेला, याचं गावाला कोण कौतुक! तीन वर्षांपूर्वी, आईचं नाव लिहिलेला डोळा खाली सोडताना, त्याच्या कमरेचा पट्टा अडकला आणि सुटलेल्या तारेबरोबर तो त्याच भोकात गेला. तार वर ओढता येण्याआधीच पाणी गोठलं. तेव्हापासून रत्नाबाईंना काही वाटेनासंच झालं. त्या जेवत, शेरडं राखत, कुणी हसलं तर हसतही. आत मात्र सगळं बधिर.

"न्यूट्रिनो म्हणजे आभाळातून येणारा एक कण, मावशी," डॉ. मृण्मयी खाडिलकर सांगत होत्या. त्या डोळ्यांचा कारभार त्यांच्याकडे होता. "तुमच्या-माझ्यातून, अख्ख्या पृथ्वीतून तो आरपार जातो. क्वचित एखादा बर्फाला धडकतो, तेव्हा निळा उजेड पडतो. तो टिपायला हे डोळे."

"आन् सोपान?"

"बर्फ स्वच्छ आहे ना, हे तपासायला प्रत्येक डोळा दर सोमवारी एकदा लुकलुकतो. बाकीचे लांबून ते बघतात. रत्नाचा उजेड एका बाजूला पोचतच नाही. मध्ये..."

"मदी माजा पोरगा हाय."

"हो. अगदी खेटून. आम्ही त्याला 'सावली' म्हणतो. त्या सावलीमुळे रत्ना भलतीच दिशा सांगतो. गेल्या महिन्यात एक फार मोठा कण आला. जगभरच्या दुर्बिणी आभाळाच्या चुकीच्या कोपऱ्याकडे वळल्या."

"मला दावा ती सावली."

मृण्मयींनी जरा घुटमळत संगणकाचा पडदा सुरू केला. राखाडी उजेडात एक काळा माणूस उभा होता. त्याचा एक हात वर होता.

"हात वर का?"

"बुडताना हात आपोआप वर तरंगतो, मावशी."

"आन् जित्ता मानूसबी वरच करतोय की. तुमी तर म्हनला हुता, जागच्या जागी गेला."

मृण्मयींची मान खाली गेली. "आम्हाला तसंच वाटलं होतं. खरं काय ते या डोळ्यांनाही कळत नाही."

रत्नाबाई बराच वेळ बघत राहिल्या. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आलं नाही. त्यांना फक्त तो पडदा नको झाला.

"करा बंद," त्या म्हणाल्या. "माज्या नावानं त्येला कुनी आसं बगत बसाय नगं."

मृण्मयींनी बटण दाबलं. कसलाच आवाज झाला नाही. मग चहा आला, आणि रत्नाबाईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"आता तितं अंदार झाला?"

"अंधार होताच, मावशी. तिथं सूर्य पोचत नाही. बाकीच्या डोळ्यांचा उजेड त्याच्यापर्यंत पोचतो तो माणसाला दिसणारही नाही इतका अंधुक. फक्त रत्नाचा..." मृण्मयी बोलता बोलता थांबल्या.

"दर सोमवारी."

"हो."

"परत लावता येतो?"

"नाही. तिथल्या थंडीत एकदा वीज तोडली की आतले भाग तडकतात."

रत्नाबाईंनी कप बशीत ठेवला. "आज सोमवार न्हवं?"

"हो."

"लागला हुता का आजचा? मी बंद करा म्हनायच्या आदी?"

मृण्मयींनी घड्याळाकडे पाहिलं. "संध्याकाळी लागतो, मावशी. दिवेलागणीला."

रत्नाबाईंनी मान हलवली. खिडकीबाहेर अजून लख्ख ऊन होतं.