आईची अर्धवट गेम

"याच्यात बसेल असा सेल आहे का?"

काउंटरवर घड्याळ नव्हतं, व्हिडिओ गेमची जुनी, राखाडी कॅसेट होती. तिने डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. मामाच्या घड्याळाच्या दुकानात बसायला लागून सहा वर्षं झाली होती, पण असं गिऱ्हाईक पहिलंच!

"सेल आहे. पण जुना काढला की आत साठवलेली गेम पुसली जाईल. चालेल?"

त्याचा चेहरा पडला. "नाही... आत आईची गेम आहे."

तो समोरच्या शाळेत भूगोल शिकवायचा. लहानपणी तो घरी आला की टीव्ही गरम लागायचा म्हणे. आई दुपारभर खेळायची आणि साफ कानांवर हात ठेवायची! शेवटच्या किल्ल्याशी पोचली आणि त्याच आठवड्यात घर बदललं, सगळं खोक्यात गेलं. ते खोकं बावीस वर्षांनी उघडलं होतं.

"मग आधी ती लॅपटॉपवर उतरवून घ्या."

"त्याचं यंत्र आणलंय हो. पण सॉफ्टवेअर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून बसवायचं असतं. ते माझं ऐकतच नाही."

"वर्गातली मुलं ऐकतात?"

"नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि तिला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच स्वारी लॅपटॉपसकट हजर. आज्ञा दिली की पडदा म्हणे, असं काही मला ठाऊक नाही. तिने वाकून पाहिलं. केसाएवढ्या काट्यांना सरावलेली नजर ती.

"इथे दोन आडव्या रेघा हव्यात. तुम्ही एकच दिलीत."

सॉफ्टवेअर बसलं. पण यंत्र जोडलं तर नवीनच — परवानगी नाही!

"माझ्याच लॅपटॉपवर मला परवानगी नाही?"

"रागावू नका, माहितीचं पान वाचू या." एकाच पानावर दोन डोकी झुकली. यंत्राला हात लावू शकणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव घालायचं होतं, मग लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू. तो चालू होईतो चहा झाला. त्याच्या बाहीवर खडूची पूड होती... झटकावीशी वाटली तिला. झटकली नाही.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटून वीस मिनिटं झाली, तरी त्याचा पत्ता नाही. "भूगोल आला नाही का गं अजून?" मामाने मान वर न करता विचारलं. ती उगीचच फडकं शोधू लागली.

तो आला, धापा टाकत. गेम उतरली, पण दोनदा उतरवली तर दोन्ही प्रती वेगळ्या.

"कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या मळल्यात. धरा घट्ट." तो धरून राहिला, ती खोडरबराने हळूहळू घासत राहिली. बोटांना बोटं लागली...

या खेपेला दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या. तो टाळ्या वाजवत होता, आणि तिच्या मनात आलं — झालं, आता हा कशाला येईल?

तिने नवा सेल जोडला, त्याने गेम परत कॅसेटमध्ये भरली. शनिवारी शाळा सुटताच तो आईला आणि टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा घेऊन आला. मामाच्या छोट्या टीव्हीवर किल्ला उभा राहिला. आईने बटणं हातात घेतली. बोटांना सगळं आठवत होतं. दोनदा हरली. तिसऱ्यांदा किल्ला पडला.

आईने बटणं खाली ठेवली. "सोडली तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते," ती म्हणाली. मग तिच्याकडे वळून, "आणि मुली, हा एकदाही टीव्हीकडे बघत नव्हता हं."

तो कानापर्यंत लाल. सरळ बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने तीही गेली.

"सोमवारी..." तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "माझ्याकडे दुरुस्त करायला काहीच नसेल. तरी यायचंय. तुम्ही... मला फार आवडता."

तिने हात पुढे केला आणि त्याच्या बाहीवरची पूड झटकली.

"उद्या दुकान बंद असतं. मला सुट्टी. सोमवारपर्यंत कशाला थांबतोस?"

इतक्या दिवसांचं 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं.