दिराच्या ताटातला घास

"दिराच्या ताटातला घास तुझ्या तोंडात कसा गं?"

कासाबाईंनी सुनेचं मनगट धरलं, तशी चतुराबाईच्या हातातली भाकरी गळून पडली. समोर धाकटा दीर भुजंग भिंतीकडे टक लावून बसलेला. एक वाक्य पुरलं असतं... कित्येक रात्री त्याचा डोळा लागला नव्हता, जेवणात विष आहे असं भिंतीतून कुणीतरी त्याला सांगत होतं, आणि वहिनीनं आधी खाल्लं तरच तो घास गिळत होता. पण झरी गावच्या मुलीशी त्याची सोयरीक ठरलेली. पोराचं डोकं फिरल्याचा बोभाटा झाला तर त्याला मुलगी कोण देणार? ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या पदराला धरून हिंडलेलं ते लेकरू... चतुराबाईनं ओठ मिटले.

"करणी करायलीस माझ्या लेकरावर," सासू म्हणाली. नवरा व्यंकटराव आईपुढे ब्र काढणारा नव्हताच. त्याच दिवशी तिची रवानगी शेतातल्या आखाड्यावर, गुरांजवळच्या खोपटात झाली.

तिथे दोन बैल, कडब्याची गंजी आणि ती. गडी पीठ ठेवून तोंड फिरवून जायचा. करणीवालीशी बोलतं कोण! हळूहळू स्वतःच्याच आवाजानं ती दचकू लागली. मग तिला कळलं, त्या बापड्या भुजंगलाही आता त्या आवाजांवाचून सोबत उरली नसेल... आणि ती एकटीच ढसाढसा रडली.

निजामाच्या राज्यात त्यांच्या पिंगळी गावाला दवाखाना नव्हता, देवऋषी मात्र हाकेवर होता. ज्वारी हुरड्यावर आली तेव्हा कासाबाई बांधावर उभ्या दिसल्या, अनवाणी.

"चल घरी, चतुरे. बाधा म्हणून आमी त्याला कोंडला, दोरानं बांधला. परभणीचा हकीम म्हणला, उपास, जागरण अन् एकलेपण, यानंच बिमारी लय वाढली. पयल्यापासून मायेचं माणूस जवळ पायजे होतं." म्हातारी बांधावरच खाली बसली. "माणूस होतं की गं... मीच हाकललं."

"माझंबी चुकलं, आत्याबाई. सोयरीक मोडंल म्हणून गप बसले."

"ती तर कवाच मोडली."

घरी कासाबाईंनी स्वतः दोर सोडला, ताट आणलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आधी तू खा."

चतुराबाईनं घास खाल्ला, दुसरा पुढे धरला. भुजंगनं तो घेतला. सासूनं पदर तोंडाला लावला. मग परक्या बाईकडे बघावं तसं बघत त्यानं विचारलं,

"बाई, आमच्या वैनी कवा यायच्यात?"

चतुराबाईनं ताट खाली ठेवलं.

"येतील. तवर मी बसते इथं."

भुजंग जरासा सरकला, आणि त्यानं घोंगडीवर तिला जागा करून दिली.