सव्वासातचं इंजेक्शन

साहेब, एकोणीस वर्षांत आज पहिल्यांदा उशिरा आलो, तेही चाळीस मिनिटं. शिवाय रजेचा अर्ज आणलाय. तुम्ही रागावला नाहीत, नुसतं "काय झालं?" म्हणालात, म्हणून सांगतो. माझी गाडी साडेदहाची आहे, त्याआधी दुसरी नाही. दार तेवढं लोटून घेतो. शिपाई कान लावून बसलेला असतो.

माझं वेळापत्रक तुम्हाला ठाऊक आहे. सगळं ऑफिस त्यावरून माझी टर उडवतं. पाचला उठायचं, साडेपाचला पाणी भरायचं, सव्वासातला आईला इन्शुलिन, आठ वीसला फाटकातून आत, साडेआठला तापमान बघून, पावसाचं पाणी मोजून वहीत नोंद. लोकांना वाटतं, हा स्वतःला छळतो. उलट आहे हो. बायको गेली तेव्हा मला या वेळांनीच धरून ठेवलं. पुढचा तास कशात जाणार हे ठरलेलं असलं की माणूस रडत बसत नाही.

सुरुवात इथेच, मागच्या अंगणात झाली. अडीच महिने झाले त्याला. आठ वीसला आलो तर पर्जन्यमापक रिकामा, आतून ओला, आणि वहीत साडेआठची नोंद केलेली. अक्षर माझं. सहाच्या अंकाला मी लावतो ती लांब शेपूटसुद्धा. शिपायाला विचारलं तर म्हणे, "काय सकाळी सकाळी थट्टा करता? आत्ताच तर मोजून गेलात. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाहीत." मी त्याला चांगला झापला.

आठवड्याभराने, रविवारी, घरी तसंच झालं. सव्वासातला सिरिंज भरून आईच्या पलंगाशी बसलो. आईला फारसं दिसत नाही, पण डोकं अजून तल्लख आहे.

"अरे, आत्ताच तर दिलंस," ती म्हणाली.

"आई, मी आत्ता येतोय."

"मग मघाशी कोण होतं? बोलला नाहीस काही, पण हात तुझाच होता."

मला वाटलं, वय झालं, विसरली. माझा विश्वास घड्याळावर, आईवर नाही. घड्याळात सव्वासात वाजले होते. मी टोचलं.

आठच्या सुमाराला तिला दरदरून घाम फुटला, डोळे फिरले, हाक मारली तर ओ देईना. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या, शिरेतून ग्लुकोज दिलं, म्हणून वाचली. मग त्यांनी मला फैलावर घेतलं. "दोनदा दिलंत! पुन्हा असं झालं तर मला बोलावू नका, उपयोग होणार नाही." मी औषधाची बाटली उजेडात धरून पाहिली. खरंच दोन वेळचं गेलं होतं.

बहीण दुसऱ्याच दिवशी आली आणि आईला आपल्या घरी घेऊन गेली. तिचं गाव इथून गाडीने नऊ तास. जाताना म्हणाली, "दादा, तुझ्याच्याने आता होत नाही." मी आईची पिशवी गाडीत ठेवून आलो.

घर रिकामं झालं, पण सव्वासात वाजायचे ते वाजायचेच. हात गप्प बसेनात. एक दिवस मी त्या रिकाम्या पलंगाशी बसलो, सिरिंजमध्ये साधं पाणी ओढलं, आईला लागायचं तेवढंच, चौदा युनिट, आणि वाटीत सोडून दिलं. हसू नका. तो दिवस अगदी सरळ गेला. मग रोजच करायला लागलो.

पंधरा दिवसांनी बहिणीचा फोन आला. भलतीच खूश होती. "दादा, तू पाठवलेली नर्स लाखात एक आहे हं! मी अंघोळीला गेले की येते, बाहेर येईपर्यंत टोचून गेलेली असते. एकदाही गाठ पडली नाही. आईला तर वाटतं, तूच येतोस."

मी कोणालाही पाठवलं नव्हतं.

"फक्त साखर जरा खाली जायला लागलीय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, उद्यापासून बाराच द्या. तिला सांगशील ना?"

मी म्हटलं, सांगतो.

तुम्ही विचाराल, बहिणीला खरं का नाही सांगितलं? सांगायला हवं होतं. तिने आईपाशी कोणाला फिरकू दिलं नसतं, विषय संपला असता. पण मला तो संपवायचा नव्हता, साहेब. नऊ तासांवरून का होईना, आई माझ्या हातात होती. दुसऱ्या दिवसापासून मी पाणी बारापर्यंत ओढायला लागलो. आठवड्याने बहीण म्हणाली, साखर आता कशी नेमकी आहे. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

आता आजचं. सव्वासात. बारा ओढलं. सोडताना खोकला आला, हात हलला, निम्मं पाणी वाटीबाहेर सांडलं. माझा स्वभाव तुम्ही जाणता, अर्धवट काम मला चालत नाही. मी पुन्हा बारा ओढलं आणि सावकाश, नीट सोडलं. सिरिंज खाली ठेवली... आणि मग कळलं, आपण काय करून बसलो ते.

बहिणीला फोन लावला. नुसता वाजतोय... ती अंघोळीला गेलेली. पुन्हा लावला. पुन्हा. तिच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नाही.

मी स्वयंपाकघरात पळालो, वाटीभर पाण्यात साखर ढवळली आणि रिकाम्या उशीपाशी येऊन बसलो. आईचं तोंड जिथे असायचं तिथे चमचा नेला आणि तिरका केला. लहान मुलासारखा रडत होतो. "आई, घे... एवढं घे..." दहा-बारा चमचे झाले असतील, तेव्हा लक्षात आलं. उशी कोरडी होती.

मग मी थांबलोच नाही. दोन वाट्या गेल्या. शेवटी चमचा कुणीतरी ओठांनी हलकेच मागे ढकलला. पोट भरलं की आई असंच करते. तोवर साडेआठ होत आले होते.

बहिणीचा फोन आत्ता, मी फाटकातून आत येताना आला. आई बरी आहे. उठून बसलीय, बोलतेय. बहीण हसतच सांगत होती. "आई काहीतरी बरळतेय रे. म्हणते, आज दोघं आले होते आणि दोघंही तूच. एक टोचत होता, एक भरवत होता. भरवणारा रडत होता, तो मघाशी गेला."

"आणि दुसरा?" मी विचारलं. "हे बघ, ती इन्शुलिनची बाटली आधी उचल. लपव कुठेतरी."

"कुठली बाटली? दादा, ती तर नर्सच रोज आणते ना बरोबर?"

म्हटलं, आईला विचार, दुसरा कुठे गेला. ती आत गेली. परत फोनवर आली तेव्हा हसत नव्हती, अगदी हळू बोलत होती.

"आई म्हणते... तो गेलाच नाही. उशाशी बसलाय. इतके दिवस बोलत नव्हता, आज बोलतोय म्हणे... सारखं विचारतोय, 'आई, सव्वासात वाजले का?'"